चितार आळीतली बारा फळं, उत्तरं दोनच

वस्तू: लाकडी फळांचा संच, बारा नग, मधला आकार. खरेदी सावंतवाडीला चितार आळीत. पैसे साडेसहाशे. घासाघीस केली नाही. हाताने घडवलेल्या वस्तूला ती करू नये असं माझं मत आहे, आणि त्या दिवशी सौ. सोबत नव्हती.

हा संच बहुतेक लोक शोकेससाठी घेतात. गणपती झाले की मुंबईकर परतीच्या वाटेवर सावंतवाडीत उतरतात, मोती तलावाजवळ फोटो काढतात, आळीत शिरून टोपलीभर फळं घेतात आणि ती काचेच्या कपाटात जाऊन बसतात. पाहुणा येतो, ‘अगदी खरी वाटतात हो’ म्हणतो आणि चहा पिऊन जातो. मी ती घेतली नातवंडांच्या डोक्याला खुराक म्हणून. त्यामुळे रंगकाम किती सुबक यापेक्षा, या फळांवर पोरांना प्रश्न रचता येतात का, हे मी जास्त बघितलं. शोकेसवाल्यांनी हा अभिप्राय सोडून दिला तरी चालेल. त्यांच्यासाठी संच उत्तम आहे.

मी एसटीत कंडक्टर होतो. कुडाळ, सावंतवाडी, वेंगुर्ला, मालवण या पट्ट्यात नोकरी झाली. आता घरी. मुलगा आणि सून दोघं गोव्यात मोप्याच्या विमानतळावर कामाला असतात आणि सुट्टी मिळेल तशी येऊन-जाऊन असतात. नात सई सहा वर्षांची, पहिलीत. नातू ओम साडेतीन वर्षांचा, अंगणवाडीत. दिवसभर दोघं आमच्याकडे. पावसाळ्यात चार-चार दिवस अंगणात पाय टाकता येत नाही, लाइट जाते, मोबाइलची बॅटरी उतरते. मग या दोघांचं करायचं काय?

खेळ सगळ्यांना माहीत असलेलाच आहे. एकाने बारापैकी एक फळ मनात धरायचं. बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे, पण उत्तर फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ येईल असेच. ‘रंग कुठला?’ चालत नाही, ‘पिवळं आहे का?’ चालतं. प्रत्येक उत्तरानंतर न बसणारी फळं उचलून सुपात टाकायची. शेवटी चटईवर उरेल ते फळ. अमेरिकेत वीस प्रश्नांचा असाच कार्यक्रम १९४६ पासून रेडिओवर लागायचा आणि मोठी माणसं कान लावून ऐकायची. वीस म्हणजे फार वाटत नाहीत, पण दर प्रश्नाला उरलेल्यातलं निम्मं उडवता आलं तर वीस प्रश्नांत १०,४८,५७६ गोष्टींतून एक गोष्ट शोधता येते. बारा फळांना चारच पुरतात: बाराची सहा, सहाची तीन, मग दोन, मग एक.

तोंडी खेळता येतो, मग साडेसहाशे कशाला घालवायचे, असं सौ.ने विचारलं होतं. प्रश्न बरोबर होता. आम्ही आधी तोंडीच खेळायचो. पण तिसऱ्या-चौथ्या उत्तरापर्यंत पोरांच्या डोक्यातून आधीची उत्तरं गळून जातात. ‘लाल नाही’ हे ऐकून झाल्यावरही सई ‘सफरचंद काय?’ विचारायची. फळं समोर असली की उत्तराचा परिणाम डोळ्याला दिसतो. ‘नाही’ म्हटलं, हाताने उचललं, सुपात टाकलं. लक्षात ठेवण्याचं काम सूप करतं, पोरीचं डोकं पुढच्या प्रश्नाला मोकळं राहतं. या एका गोष्टीसाठी मी संचाला पैकीच्या पैकी गुण देतो. चित्रांची कार्डं घेऊनही हेच करता येईल, पण कार्डं ओमच्या हातात आठवडाभर टिकत नाहीत, आणि लाकडी फळ हातात धरून, फिरवून, देठाकडून बघून विचार करायला जी मजा येते ती कार्डात नाही.

आता संचात काय आहे ते. आंबा, फणस, काजूचं बोंड, केळं, पेरू, चिकू, पपई, अननस, सीताफळ, डाळिंब, संत्रं, सफरचंद. आंबा छान उतरलाय, हापूसच, शेंड्याकडे लालसर छटा. काजूचं बोंड तर नंबर एक. पिवळं-तांबडं बोंड आणि खाली वेगळी घडवून बसवलेली राखाडी बी. अननसाचा तुरा थोडा बोथट. केळं एकच आहे, फणी नाही.

फणसाबद्दल मात्र वेगळं लिहिलं पाहिजे. फणस गुळगुळीत आहे! काटे म्हणून वर हिरव्या-काळ्या ठिपक्यांची रांगोळी काढलीय. शोकेसमध्ये लांबून कोणाला कळणार नाही, पण खेळात पहिल्याच आठवड्यात यावरून भांडण झालं. मी फणस मनात धरला होता. सईने विचारलं, ‘काटे आसत?’ मी ‘हो’ म्हटलं. तिने सगळी फळं एकेक करून हाताने चाचपली आणि माझ्यावर उखडली. ‘आजो, तू फटय बोलतंस! काटे खंय आसत?’ तिचं चुकलं नव्हतं. ती समोरच्या लाकडाबद्दल विचारत होती, मी परसातल्या फणसाबद्दल उत्तर देत होतो. त्यात ओमने भर घातली. त्याने विचारलं, ‘खावक गावता?’ आता सांगा, काय उत्तर द्यायचं? लाकडाचं फळ खायला मिळत नाही, खरं मिळतं.

मग नियम ठरला: प्रश्नाच्या आधी ‘खरां’ की ‘लाकडाचां’ ते सांगायचं. ‘खऱ्याक काटे आसत?’ हो. ‘लाकडाच्याक काटे आसत?’ नाही. पोरांना हा नियम इतका आवडला की आता ती मुद्दाम दोन्ही अंगांनी विचारतात. खरं आणि त्याचं सोंग यातला फरक सहा वर्षांच्या पोरीला समजावून सांगायला मला जमलं नसतं, त्या गुळगुळीत फणसाने ते केलं. तरीही कारागिराला सांगणं आहे की फणसाला काटे कोरा. मेहनत वाढेल, दहा-वीस रुपये वाढवा.

दुसरी तक्रार मापाची. फणस चिकूपेक्षा जेमतेम बोटभर मोठा आहे आणि पेरू जवळजवळ पपईएवढा. सगळी फळं टोपलीत शोभावीत म्हणून एका मापाची केली असणार. पण लहान मुलाला सुचणारा पहिला प्रश्न ‘मोठां आसा?’ हाच असतो आणि तो इथे वाया जातो. ‘खऱ्या’चा नियम लावून आम्ही निभावतो, पण साडेतीन वर्षांच्या ओमला समोर दिसतंय ते सोडून आठवणीतलं माप धरायला जड जातं. त्याच्यासाठी फणस खराच मोठा हवा होता.

ओमचं खेळणं हा वेगळाच विषय. सुरुवातीला तो उत्तर देणारा झाला की प्रत्येक प्रश्नाला ‘होय’. पिवळं? होय. हिरवं? होय. काटे? होय. आणि चेहरा असा की जणू डेपो मॅनेजर. सुनेने डी.एड. केलंय (नोकरी लागली नाही, म्हणून विमानतळ), तिने सांगितलं की यावर अभ्यास झालेला आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की दोन वर्षांची मुलं हो-नाहीच्या प्रश्नाला ‘हो’कडेच झुकतात, मग प्रश्न समजलेला असो वा नसो. चार-पाच वर्षांची मुलं समजलेल्या प्रश्नाला नीट उत्तर देतात, पण न समजलेल्या प्रश्नाला ‘नाही’ म्हणून मोकळी होतात. हे ऐकल्यावर मला निम्म्या प्रवाशांची आठवण झाली, पण ते असो. घरातल्या मोठ्या माणसांनी यातून एवढं घ्यावं की लहान पोराला ‘दात घासलेस ना?’ विचारून आलेल्या ‘होय’वर विसंबू नये.

ओमसाठी मी खेळ उलटा केला. फळ चटईवर उघडं ठेवायचं आणि प्रश्न मी विचारायचे, त्यातले काही मुद्दाम वेडे. ‘ह्यां केळां निळां आसा?’ ‘ह्यो आंबो म्याव करता?’ खिदळत खिदळत त्याच्या तोंडून पहिलं ठाम ‘नाऽऽय’ निघालं. एकदा ‘नाय’ म्हणण्यातली गंमत कळली आणि मग ‘होय’लाही अर्थ आला. तीन-चार वर्षांचं पोर घरात असेल तर ओळखण्याच्या खेळाआधी हे करा. हे नुसती दोन केळी घेऊनही होतं, संच घ्यायची गरज नाही.

फळ मनात धरून मध्येच बदलणं हाही ओमचा उद्योग. बहिणीचे प्रश्न जवळ यायला लागले की हा गुपचूप दुसरं फळ धरतो. त्यावर उपाय म्हणजे आजी. त्याने आधी आजीच्या कानात सांगायचं, मग आजी पंच. सौ. तांदूळ निवडता निवडता पंचगिरी करते आणि उत्तर चुकलं की नुसतं खाकरते.

सईची अडचण वेगळी होती. ती एकदम नेमच धरायची. ‘आंबो काय?’ नाही. ‘पेरू काय?’ नाही. ‘चिकू काय?’ असं करत करत अकरा प्रश्न. मला वाटायचं पोरगी विचार करत नाही. सून म्हणाली, या वयाला असंच असतं. १९६६ साली मॉशर आणि हॉर्न्सबी यांनी ४२ चित्रं मांडून सहा, आठ आणि अकरा वर्षांच्या मुलांना हाच खेळ दिला होता. सहा वर्षांची मुलं एकेक चित्राचं नाव घेऊन नेम मारत होती, अकरा वर्षांची मुलं गटावर प्रश्न टाकत होती, आठ वर्षांची अधल्या-मधल्या वाटेवर. म्हणजे सई वयाला धरूनच खेळत होती.

पण वयाने येणारच आहे म्हणून थांबून राहणं माझ्या स्वभावात नाही. मी चिंचोके आणले. प्रत्येकाला दहा चिंचोके, एक प्रश्न म्हणजे एक तिकीट, तिकीट फाडल्याशिवाय उत्तर नाही. शेवटी ज्याच्याकडे जास्त चिंचोके तो जिंकला. पैसे मोजायला लागले की माणूस विचार करतो, हे मी आयुष्यभर बघितलंय. सुट्टे देताना तर जास्तच. दोन-तीन डावांत सई नेम मारायच्या आधी थबकायला लागली. ओठ चावत फळांकडे बघत राहायची. त्या वेळी मोठ्या माणसाने गप्प राहावं. सुचवू नये. अवघड जातं, पण राहावं.

तिचा पहिला खरा चांगला प्रश्न मला लक्षात आहे: ‘कापूक सुरी लागता?’ याने बाराचे बरोब्बर दोन वाटे झाले. एकीकडे फणस, पपई, अननस, डाळिंब, सफरचंद, आंबा. दुसरीकडे केळं, पेरू, चिकू, सीताफळ, संत्रं, बोंड. अर्थात वाटे सरळ पडले नाहीत. आजी म्हणाली फणसाला सुरी नाही, आडाळो (विळी) लागतो. मी म्हटलं आंबा चोखून खातात, सुरी कशाला? तर सईने लाकडी आंबा उचलून मला दाखवला, ‘आजो, ह्यो हापूस. चोखूक रायवळ व्हयो.’ मी हरलो. पण बघा, पोरगी आता वस्तूवरून कारण काढायला लागली होती. हे मला ‘आंबो काय?’ या प्रश्नातून कधीच मिळालं नसतं.

‘नाही’ आलं की सुरुवातीला ती हिरमुसायची. तिला वाटायचं ‘नाही’ म्हणजे चुकलं. मग एका डावात तिने विचारलं, ‘आपल्या परड्यात जाता?’, म्हणजे आपल्या परसात होतं का? उत्तर ‘नाही’. आणि तिने आंबा, फणस, काजू, केळं, पेरू, चिकू, पपई, अननस, सीताफळ अशी नऊ फळं एका दमात सुपात टाकली. उरली तीन. त्या ‘नाही’ने जेवढं काम केलं तेवढं कुठल्याच ‘हो’ने केलं नव्हतं. त्या दिवसापासून ‘नाय’ ऐकून ती टाळ्या पिटते.

काजूच्या बोंडाने सगळ्यात जास्त घोळ घातला आणि सगळ्यात जास्त शिकवलं. ‘बी आत आसा?’ या प्रश्नाला बाराही फळांना ‘हो’ येणार असं धरून सई तो विचारत नसे. मीच एकदा विचारला, आणि ओमने, हो ओमने, बोंड उचलून बी दाखवली: ‘भायर!’ मग केळ्याचं काय? केळ्यात बी असते का? सई म्हणाली नाही. आजीने पिकलं केळं मधून कापून काळे ठिपके दाखवले. ते ठिपके म्हणजे बी का? पेरले तर रुजतील का? आमच्याकडे केळ लावतात ती मुनव्यातून, म्हणजे बुंध्याशी फुटलेल्या कोंबातून, ठिपके कोणी पेरत नाही. म्हणून घरात ठरलं की बी म्हणजे जी पेरता येते ती. प्रश्न विचारायचा तर आधी शब्दाची हद्द ठरवायला लागते, नाहीतर उत्तर देणारा आणि विचारणारा दोन वेगळ्या गावांची तिकिटं धरून बसतात. ‘गोड आसा?’चंही तसंच. कच्चा आंबा आंबट, पिकलेला गोड. आता सई ‘पिकल्यार गोड लागता?’ असंच विचारते, कोणी न सांगता.

मोठ्या पोरांसाठी एक प्रश्न देतो. शेजारचा सातवीतला मुलगा खेळायला येतो, त्याला मी टाकला होता: ‘हे फळ मूळचं अमेरिका खंडातलं आहे का?’ काजू, अननस, पपई, पेरू, चिकू आणि सीताफळ, ही सहाच्या सहा समुद्रापलीकडून आलेली. काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला हे गोव्याच्या शेजारी राहणाऱ्याला तरी ठाऊक असावं. आंबा, फणस, केळं, डाळिंब, संत्रं, सफरचंद ही तिथली नव्हेत. पुन्हा सहा-सहाचे वाटे, सुरीच्या प्रश्नाइतकेच नीट, पण फळं वेगळी. आमच्या परसातल्या नऊ फळांपैकी सहा पाहुणी निघाली म्हटल्यावर तो मुलगा बराच वेळ कुंपणाकडे बघत बसला.

मुलाने याआधी गोव्याहून एक प्लास्टिकचा खेळ आणला होता, चेहरे ओळखण्याचा. ती नक्कल होती, पाट्या पाडल्या की परत उभ्या राहायच्या नाहीत. मूळ खेळ ‘गेस हू?’ नावाचा, ओरा आणि थिओ कोस्टर या इस्रायली जोडप्याने रचलेला, १९७९ साली बाजारात आलेला. कल्पना फार हुशारीची, दोन्ही बाजूंना उभ्या पाट्या, दोघांनी एकाच वेळी विचारायचं. पण जुन्या संचात २४ चेहऱ्यांत बायका पाचच. चष्मेवाले पाच, टोपीवाले पाच. म्हणजे ‘बाई आहे का?’ विचारलं की बहुतेक वेळा ‘नाही’ येणार आणि एकोणीस चेहरे तसेच उभे. निम्म्यात तोडणारा साधा प्रश्न तिथे सहज हाती लागत नाही, दोन खुणा ‘किंवा’ने जोडून विचारावं लागतं. मोठ्या मुलांना तो चांगला आहे. लहानांना परक्या देशातले ते सोनेरी केसांचे चेहरे आणि ती नावं आपलीशी वाटत नाहीत. सईला त्यातला एकही माणूस कधी बाजारात भेटलेला नाही. पेरू रोज भेटतो. ज्याची चव, वास, झाड, मोसम डोक्यात आधीच आहे त्याबद्दल प्रश्न शंभर सुचतात. चेहऱ्याबद्दल काय, केस आणि मिशा.

सुरक्षेबद्दल आता, कारण बरेच आई-बाप हेच विचारतील. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे. या फळांवर तो दिसणार नाही. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी घडवून विकलेल्या वस्तूंना त्यातून सूट आहे. सूट कारागिराच्या पोटासाठी योग्यच आहे, पण रंगाची खातरजमा मग आपणच करायची. पूर्वी लाखेचं काम असायचं, आता दुकानांत चमकदार ऑइल पेंटही दिसतो. मी घरी आणल्यावर पांढरं फडकं ओलं करून प्रत्येक फळ घासलं. अकरा फळांचा रंग आला नाही, डाळिंबाचा थोडा आला. डाळिंब बदलून मिळालं, दुकानदाराने काही न बोलता दिलं, हे त्याच्या बाजूने लिहिलंच पाहिजे. तोंडात वस्तू घालायच्या वयाच्या पोराला मात्र यातलं काहीच देऊ नका. देठ वेगळे घडवून बसवलेत. चिकूचा देठ ओमने दुसऱ्याच दिवशी उपटला आणि तो बोराएवढा तुकडा घशात अडकेल असाच आहे. मी उरलेले सगळे देठ फेव्हिकॉलने पक्के केले. काजूची बीसुद्धा हलवून बघा.

लाकूड हलकं आहे. दुकानदार म्हणाला, पूर्वी सगळं पांगाऱ्याचं व्हायचं, आता मिळेल तसं. पांगारा म्हणजे ज्याच्यावर आपण मिरवेल चढवतो तोच, तांबड्या फुलांचा. हलकेपणाचा फायदा असा की ओमने सफरचंद बहिणीच्या डोक्यात मारलं तरी टेंगूळ आलं नाही. हेही मी तपासायला गेलो नव्हतो, आपोआप तपासलं गेलं.

संचातली निवड मात्र मला पटलेली नाही. सावंतवाडीत बसून सफरचंद घडवायचं आणि रातांबा, म्हणजे कोकमाचं फळ, नाही? जाम नाही, करवंद नाही, नारळ नाही! नारळ असता तर ‘पाणी आसा?’, ‘देवाक फोडतत?’ असे किती प्रश्न निघाले असते. परक्या गावची तीन फळं आहेत म्हणून परड्याचा प्रश्न तरी विचारता येतो, हे कबूल. पण तीनऐवजी एक पुरलं असतं. मी दुकानात रातांबा आणि नारळ वेगळे करून मागितले आहेत. करून देतो म्हणालाय, चतुर्थीनंतर. चौदा झाली तरी चार प्रश्न पुरतील, सोळापर्यंत पुरतात. सतरावं घेतलं की पाचवा प्रश्न लागतो.

कोणी म्हणेल, अंगणवाडीत असलं साहित्य येतंच. येतं. केंद्राने फेब्रुवारी २०२३ मध्ये तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी ‘जादुई पिटारा’ काढला, त्यात खेळणी, कोडी, चित्रपत्ते आहेत, आणि कल्पना चांगली आहे. पण वीस पोरांत एकाच्या वाट्याला किती प्रश्न येणार? हा खेळ दोन-तीन पोरं आणि एक रिकामटेकडं म्हातारं माणूस असेल तिथे रंगतो. म्हातारं माणूस घरात फुकट असतं.

हौस आणि पैसे दोन्ही असतील तर पुढची पायरीही सावंतवाडीतच आहे. राजवाड्यात दशावतारी गंजिफा बनतात, म्हणजे जुन्या पद्धतीचे पत्ते, गोल, हाताने रंगवलेले. ही कला बुडत चालली होती, ती सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी पुन्हा उभी केली. दहा अवतारांची प्रत्येकी बारा अशी १२० पानं. हो-नाहीने एक पान ओळखायला सात प्रश्न पुरावेत. पण ती पोरांच्या हातात देण्याची वस्तू नाही, किंमत बघितलीत तर तुमच्याही हातात देणार नाही. मी नुसती बघून आलो आणि सईला म्हटलं, दहावी पास हो, मग.

एकूण पाचापैकी चार. एक गुण गुळगुळीत फणसाला, मापाला आणि सफरचंदाला मिळून कापला. घ्यायचा तर मधलाच आकार घ्या. लहान आकारातली फळं फार बारकी आहेत आणि काजूची बी सैल बसते, मोठ्यातली ओमच्या वयाच्या हातात मावत नाहीत. शनिवार-रविवारी आणि मे महिन्यात आळीत पर्यटकांची गर्दी असते, दुकानदाराला बोलायला सवड नसते. मधल्या वारी सकाळी जा. सावंतवाडी स्टँडवरून चालत जाता येतं, रिक्षा करू नका. आणि सुटी फळं निवडून घेता येतात हे न विचारता कोणी सांगत नाही, तेव्हा विचारा.